पालातल्या तेरा रात्री

८ डिसेंबर, सोमवार

खताच्या दुकानातून मिळालेली ही डायरी वर्षभर कोरी पडून होती. साल संपायला आलं आणि तिचा मुहूर्त भूकंपानं केला.

सकाळी सातची वेळ. मैत्रीला मांडीवर घेऊन पाजत होते. आधी जमिनीतून आवाज आला, शेजारून रोड रोलर चालल्यासारखा. मग मांडणीतली ताटं वाजली आणि पत्र्याखालच्या भिंतीवरून माती गळली. सासरे अंगणातून ओरडले, "भायेर निघा! लेकराला घेऊन भायेर निघा!" पदर सावरायच्या भानगडीत न पडता मी तशीच पळाले. सगळी गल्ली बाहेर उभी होती. लाज वाटायची ती अर्ध्या तासानं वाटली.

आमच्या औंढ्याच्या बाजूला असे धक्के अधूनमधून बसतात म्हणे. मी लग्न करून आले त्याला दोन वर्षं झाली, माझा हा पहिलाच. मैत्री आठ महिन्यांची, तिचाही पहिलाच, पण ती हसत होती. तिला वाटलं आई खेळवते आहे.

रत्नपाल टेम्पो घेऊन हिंगोलीला निघाला होता, तो अर्ध्या वाटेतून परत आला. (नवऱ्याचं नाव मी तोंडानं घेत नाही, इथे घेते. डायरीला सासू नसते.) आल्या आल्या त्यानं मैत्रीला छातीशी धरलं आणि बराच वेळ सोडलंच नाही. दुपारी घरामागच्या मोकळ्या जागेत बांबू रोवून निळ्या ताडपत्रीचं पाल ठोकलं. खाली सोयाबीनचं कुटार, त्यावर गोणपाट, त्यावर वाकळ. आज सगळी गल्ली बाहेर झोपणार आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

झोप कोणालाच आली नाही, पण मजा आली. आमच्या गल्लीत एकूण नऊ पालं. शेजारच्या जनकाबाईंनी किल्लारीच्या भूकंपाच्या आठवणी काढून सगळ्यांना घाबरवलं आणि स्वतः घोरत पडल्या. सासूबाईंनी, लक्ष्मीबाईंनी, ओव्याची पुरचुंडी गरम करून मैत्रीच्या छातीला शेक दिला. सासरे पुंजाजी रेडिओ उशाशी घेऊन बातम्यांत आमच्या गावाचं नाव येतं का ते ऐकत होते. आलं नाही, तर त्यांना राग आला.

मी मोबाईलवर बघितलं होतं, शहरातले लोक हौसेनं पैसे भरून तळ्याकाठी तंबूत झोपतात, शेकोटी करतात, फोटो काढतात. रत्नपालला सांगितलं, तर म्हणाला, "मंग आपलं फुकटात झालं की." मी खूप हसले. किती दिवसांनी आम्ही दोघं असे शेजारी पडून बोललो.

११ डिसेंबर, गुरुवार

पुन्हा धक्का नाही. लोक घरात परतायला लागले. मीही वाकळ उचलली होती, तेवढ्यात रत्नपालनं हाक मारली आणि आमच्या खोलीत नेलं. मैत्रीचा झोका बांधतो त्याच्या अगदी वर, भिंतीत भेग. कोपऱ्यापासून पत्र्यापर्यंत गेलेली. माझं बोट पहिल्या पेरापर्यंत आत गेलं.  सोमवारी मला ती दिसली कशी नाही? त्या दिवशी मी पळत होते, आणि नंतर फक्त कपडे घ्यायला आत गेले होते, हे खरं. पण परभणीला एएनएमचं, नर्सिंगचं, एक वर्ष केलेली बाई मी, भिंतीकडे एकदा बघायला नको?

खाली मातीचा ढीग पडला होता. मी झाडू आणला, तर म्हणाला, "राहू दे, हात लावू नको. अजून पडंल." मग म्हणाला, "मिस्त्री बघून जाईस्तवर तू आन मैत्री पालातच. मी जीव देईन म्हण, पण ह्या भिंतीखाली तिला झोपू देणार न्हाई."

घरातल्या एका खिळ्याकडेही ढुंकून न बघणारा माणूस. लेकीचा बाप झाला की बदलतात खरं. मला भरून आलं. मी त्याला तसं सांगितलंसुद्धा, तेव्हा तो दुसरीकडे बघत होता.

संध्याकाळी जनकाबाई त्यांची सब्बल, लोखंडी पहार, मागायला आल्या. दोन दिवस झाले नेऊन, म्हणाल्या. रत्नपालनं पालासाठी खड्डे करायला आणली असेल. गोठ्यातून काढून दिली. धुवायला हवी होती, पांढऱ्या मातीनं भरलेली होती, तशीच दिली.

१४ डिसेंबर, रविवार

थंडी म्हणजे काय ते आता कळतंय. सकाळी ताडपत्रीच्या आतल्या बाजूनं दव टपकतं. वाकळेचा वरचा थर ओला होतो, म्हणून वर प्लॅस्टिक टाकलं, तर आतून घाम धरतो. मैत्रीला दोन टोपरी, दोन स्वेटर, पायात माझे जुने मोजे. नाकाचा शेंडा तरी गारच. शेगडी आत घेता येत नाही, बंद पालात धूर कोंडला तर लेकरू जायचं. म्हणून मी तिला पोटाशी घेऊन, पाय आखडून, एका कुशीवर पडून राहते. सकाळी कंबर सरळ व्हायला चहा लागतो.

गल्लीतली पालं अजून उभी आहेत. गंमत अशी, की लोक दिवसा पालात बसतात, तिथेच चूल मांडतात, भांडी लावतात आणि झोपायला घरात जातात. यांच्या भूकंपाला घड्याळ कळतं वाटतं! मी जनकाबाईंना तसं म्हटलं, तर त्या माझ्याकडे बघून हसल्या आणि डोळा मारला. साठीची बाई डोळा मारते. मीही मारला.

आज सासूबाई म्हणाल्या, "पोरी, लेकराला घेऊन आमच्या खोलीत ये. काई होत न्हाई भिंतीला." रत्नपाल एकदम अंगावर गेला, "आई, तू गप बैस! काही झालं तर तू जिम्मेदार राहशील का?" त्या पदरानं तोंड पुसत आत गेल्या. मला वाईट वाटलं, पण तो म्हणाला ते खोटं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांना धोका कळत नाही.

१६ डिसेंबर, मंगळवार

रत्नपाल कालपासून घरात झोपतो. सासऱ्यांना, आबांना, खोकला झालाय, त्यांच्याजवळ कोणीतरी हवं. त्यांची खोली जरा बरी आहे, पण लेकरासाठी नको, म्हणतो. स्वतः मात्र धोका पत्करून आत झोपतो. मी म्हटलं, मला काळजी वाटते तुमची. तर म्हणाला, "माझं काय, मी मोठा हाय."

सकाळी सासूबाईंचे डोळे लाल. "रातभर घोरून राहिला, झोप न्हाई," म्हणाल्या. सासरे खोकतात आणि घोरतातही. बिचाऱ्या.

मैत्रीचं नाक वाहतंय.

१८ डिसेंबर, गुरुवार

आज पालाशी मोबाईल घेऊन साहेब आले. घरकुलाचा सर्वे. कोणाचं घर कच्चं आहे, कोण उघड्यावर राहतं, त्याची नोंद आणि फोटो. मला काहीच माहीत नव्हतं. मी पोतेऱ्याचे हात पुसत बाहेर आले. रत्नपाल शेजारी उभा होता, पण बोलायला त्यानं मलाच पुढे केलं. "तीच सांगंल, साहेब. तिच्याच नावावर टाकायचं हाय."

साहेबांनी विचारलं, कधीपासून राहता इथे? मी म्हटलं, दहा रात्री झाल्या. आणि मग काय झालं कोण जाणे, दहा रात्रीचं सगळं तोंडातून बाहेर पडलं. दव, ओली वाकळ, भेग, ती भेग नेमकी झोक्याच्या वर. बोलता बोलता मी रडले. मैत्रीही रडली. साहेब भले माणूस, त्यांनी मोबाईल खाली केला आणि म्हणाले, "ताई, लेकराला जपा." मग माझा आणि मैत्रीचा पालासमोर फोटो, भेगेचा फोटो, आणि मोबाईलकडे बघून डोळ्यांची उघडझाप करायला लावली, मी तीच बाई आहे हे ठरवायला. बाकीच्या पालांचेही फोटो काढले.

ते गेल्यावर रत्नपालनं मला सगळ्यांसमोर जवळ घेतलं. "काय बोललीस गं! काय बोललीस!" इतका खूश मी त्याला मैत्री झाली तेव्हाही बघितलं नव्हतं. नाव लागलं तर पक्कं घर, माझ्या नावावर. भूकंपानं आमचं भलंच केलं म्हणायचं.

आता आत येऊ का, असं विचारलं, तर म्हणाला मिस्त्री सोमवारी येतोय, तेवढं काढ.

२० डिसेंबर, शनिवार

दुपारी मैत्री झोपलेली असताना मी तिचा श्वास मोजला. मिनिटाला चोपन्न. पुन्हा मोजला, चोपन्नच. या वयाच्या लेकराला पन्नास म्हणजे हद्द. आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं, मॅडम फळ्यावर लिहून घ्यायच्या.

मी रत्नपालला म्हटलं, मी आज सासूबाईंच्या खोलीत झोपते. भिंत पडायची तर पडू दे. तो माझ्याजवळ बसला, शांतपणे बोलला. त्या खोलीची आडवी तुळई पण सरकलीय, तुला भेव वाटंल म्हणून सांगितलं न्हाई. दोन दिवस. फक्त दोन दिवस. मी औषध आणतो. त्यानं औंढ्याहून सर्दीचं औषध आणलं, आपलं जॅकेटही काढून पालात टाकलं.

मी ऐकलं. चोपन्न मोजूनही मी ऐकलं.

२१ डिसेंबर, रविवार

बासष्ट. बरगड्यांखाली खड्डा पडतोय. अंगावर पीत नाही. टेम्पोनं निघालो आहोत.

२४ डिसेंबर, बुधवार

दवाखाना. न्यूमोनिया. तिच्या हाताला सुई आहे आणि ती हलवू नये म्हणून पुठ्ठा बांधलाय. नाकाला ऑक्सिजनची नळी होती, ती आज सकाळी काढली. आता ती पिते. डॉक्टर म्हणाले, आणखी एक दिवस उशीर केला असता तर अवघड होतं. त्यांनी मला विचारलं, "तुम्ही एवढ्या शिकलेल्या, एवढ्या थंडीत बाहेर कसं ठेवलंत?" मी भेगेचं सांगितलं. 

दुपारी जनकाबाई भाकरी आणि मेथीची भाजी घेऊन आल्या. एसटीनं, एकट्या. मैत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता सर्वे झाला न बाई. आता तरी लेकराला घरात घे."

मी म्हटलं, भिंत दुरुस्त झाल्याशिवाय कशी घेऊ?

त्यांनी विचारलं, "कोणती भिंत?"

"आमची. भूकंपानं भेगाळलेली."

"अगं, ती भूकंपानं कुठं..." आणि थांबल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुला सांगितलं न्हाई का रत्नपालनं? सर्वे हाय म्हणून समद्या गल्लीलाच म्हाईत व्हतं. म्हणून तर पालं ठेवली समद्यानं. आमी दिवसा बसत व्हतो, रातच्याला घरात. मी म्हटलं तू बी मागच्या दारानं जात असशील. तू खरंच झोपत व्हतीस? लेकराला घेऊन?"

सब्बल कशाला नेली होती, मी विचारलं. त्या भाकरीचं फडकं घडी करत बसल्या, चार घड्या घातल्या, उलगडल्या, पुन्हा घातल्या. मला उत्तर मिळालं.

मी डोळा मारला होता त्यांना. त्यांना वाटलं मला ठाऊक आहे.

आज मी मागची पानं वाचली. प्रत्येक पानावर होतं सगळं. माझ्याच अक्षरात. सब्बलीवरची भिंतीची पांढरी माती, लेकाचं घोरणं, सगळं. वाचता वाचता मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटलं. "लेकीचा बाप झाला की बदलतात." हे मी लिहिलं आहे, शाईनं.

२५ डिसेंबर, गुरुवार

तो संध्याकाळी आला, संत्री घेऊन. आठ महिन्यांच्या लेकराला संत्री. मी त्याला व्हरांड्यात नेलं.

"भेग तुमी पाडली?"

त्यानं नाही म्हटलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. म्हणाला, "पाडली न्हाई. बारकी व्हती, मोठी केली."

"तुळई?"

त्यानं संत्र्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"घरात झोपत होता, ते आबांच्या खोकल्यासाठी?"

"थंडी व्हती, दीक्षा."

थंडी होती! मला हसू आलं. खरंच आलं, मोठ्यानं. आतून सिस्टरनं डोकावून बघितलं.

"मला काहून सांगितलं नाही? मी बसले असते की दिवसभर पालात. जनकाबाई बसल्या तशी."

तेव्हा तो जे बोलला ते मी शब्दाला शब्द लिहून ठेवते. "तुला सांगून काय फायदा? तुझ्या तोंडावर समदं दिसतं. खोटं बोलायला लागली की तुझे कान लाल व्हतात. गल्लीत नऊ पालं व्हती, समद्यानं तेच सांगितलं. सायबानं कोणाचं लिहून घेतलं? तुझं. काहून? तू खरंच भेली व्हतीस म्हणून."

"आणि सर्वे झाल्यावर? त्यानंतरच्या तीन रात्री?"

"फेरतपासणी येणार व्हती, कवा बी. पाल रिकामं दिसलं असतं तर समदं गेलं असतं." मग माझा हात धरायला आला. "मी मैत्रीचं वाईट चिंतीन का? लेकरू हाय माझं. तिच्यासाठीच तर केलं. घर तुझ्याच नावावर हाय न?"

आणि तो रडला. खोटं रडला नाही, मला कळतं. तेच सगळ्यात वाईट आहे. त्याला खरंच वाटतं की त्यानं आमच्यासाठी केलं. मी थंडीनं कुडकुडत होते, भिऊन त्याचा हात धरत होते, तेव्हा तो मनात म्हणत असेल, बरं झालं, असंच राहू दे.

माझ्या भीतीचा त्यानं फोटो काढून घेतला.

२९ डिसेंबर, सोमवार

काल घरी आणलं. मी सरळ आमच्या खोलीत गेले, भेगेखाली झोका बांधला आणि मैत्रीला त्यात घातलं.  सासूबाई दारात उभ्या राहिल्या. "मी सांगत व्हते पोरी," म्हणाल्या. मी म्हटलं, "सांगत होतात, पण अर्धंच." त्या खाली बसल्या आणि चुलीतली राख उगाच उकरत राहिल्या. त्यांचा राग करायला मला जमत नाही. त्यांनाही या घरात पुरतं बोलता येत नाही.

मागचं पाल उभंच आहे. कुटार कुजून वास येतोय.

रत्नपाल घरभर माझ्या मागे मागे. पाणी तापवून देतो, झोका हलवतो.  तो जे सांगतो ते आता माझ्या कानाशी येऊन थांबतं. सकाळी म्हणाला, बाहेर ऊन पडलंय, तिला घेऊन बस. मी आधी स्वतः बाहेर जाऊन ऊन बघून आले.

२ जानेवारी, शुक्रवार

डायरीतलं साल संपलं, म्हणून मागच्या कोऱ्या पानावर लिहिते.

आज फेरतपासणी झाली. दुसरे साहेब होते, चष्म्याचे, संशयी. ते यायच्या आधी रत्नपाल माझ्यासमोर हात जोडून उभा राहिला. "खरं सांगितलं तर गुन्हा व्हईल माझ्यावर. घर बी जाईल. तू ठरव." पहिल्यांदाच त्यानं मला काहीतरी ठरवायला दिलं.

मी ठरवलं होतं की सांगायचं. तोंड उघडेपर्यंत तेच ठरलेलं होतं. पण साहेबांनी विचारलं, "भेग कशी पडली?" आणि माझ्या मनात आलं, बघू तरी.

"भूकंपानं," मी म्हटलं. "मी इथेच बसले होते, लेकराला पाजत. डोळ्यांदेखत पडली."

"अजून पालातच झोपता?"

"हो साहेब. दवाखान्यातून आलो तरी तिथेच. जाणार कुठे?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले. मी हळूच कानाला हात लावला, गार होता. त्यांनी नोंद केली, फोटो काढला आणि पुढच्या घराकडे गेले. किती सोपं असतं हे. मला उगाच वाटायचं की ते फार अवघड असतं.

रत्नपालला काय करू आणि काय नको असं झालं. जेवताना तीन भाकरी खाल्ल्या. मग माझ्याजवळ येऊन बसला आणि लहान आवाजात म्हणाला, "राग गेला न?"

"गेला," मी म्हटलं.

त्यानं सुस्कारा सोडला. मी म्हटलं, मैत्रीला थोडा आराम पडेल, चार दिवस बाळापूरला आईकडे जाऊन येते. उद्या सकाळच्या बसनं.

"परत कवा?"

"बुधवारी."

त्यानं माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. आधी डोळे, मग कान. "बराबर," म्हणाला, आणि स्वतःच उठून मैत्रीचे कपडे पिशवीत भरायला लागला. मी एकेक हातात देत गेले. स्वेटर, टोपरी, दुपटी, उन्हाळ्यातली झबली, डोसाचं कार्ड. पिशवी भरली, तेव्हा दुसरी दिली.

"चार दिवसांला इतके कपडे काहून?" त्यानं विचारलं.

"थंडी आहे," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली आणि दुसऱ्या पिशवीचं तोंड घट्ट बांधून दिलं.